कोकणातले बंद घर आणि हिरवा पडलेला तलाव: दोन फेऱ्यांत करायची कामे

कोकणातल्या बंद घरी परतणारा माणूस बहुधा दिवाळीच्या सुमारास परततो. पाऊस नुकताच सरलेला असतो, सुट्टी हाताशी असते आणि चार दिवसांत घर, आवार आणि मागचा पोहण्याचा तलाव असे सगळे एकदम लखलखीत करून टाकायचा बेत मनात असतो. हा बेत तिथेच थांबवावा. किनारपट्टीवर बहुतेक ठिकाणी चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडलेला असतो, ते पाणी जमिनीतून आणि जांभ्याच्या भिंतींतून उतरायला फाल्गुन उजाडतो, आणि तोवर काही कामे केली तर ती वाया जातात, काही कामे केली तर उलट नुकसान होते. म्हणून कामांची वाटणी दोन फेऱ्यांत करावी. दिवाळीच्या फेरीत घर राहण्याजोगे करावे आणि तलाव भरलेला ठेवूनच स्वच्छ करावा. तलाव रिकामा करणे, गळती काढणे, फरशा बसवणे आणि रंग देणे ही कामे शिमग्यानंतरच्या फेरीसाठी राखून ठेवावीत.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्राजवळ, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. परसात ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा काँक्रीटचा तलाव आहे. गावात त्याला ‘टाकी’च म्हणतात. हे घर सलग तीन पावसाळे बंद राहिले होते. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराचसा भाग त्या वेळी आम्ही चुकीच्या क्रमाने केलेल्या कामांतून शिकलेला आहे.

कुलूप उघडण्यापूर्वी

निघण्यापूर्वी दोन फोन करावेत. पहिला फोन वीजबिलासाठी, कारण थकबाकी राहिली असेल तर मीटर तात्पुरता नव्हे, कायमचा बंद झालेला असू शकतो आणि मग नव्या जोडणीचा अर्ज करण्यातच पहिली फेरी संपते. दुसरा फोन गावातल्या गड्याला करावा. त्याने आधी दोन दिवस जाऊन गेटापासून दारापर्यंतची वाट, विहिरीचा काठ आणि तलावाभोवतीची चार-पाच फुटांची पट्टी एवढेच रान मोकळे करून ठेवावे. सगळे आवार साफ करण्याची घाई नको. घाणेरी आणि रानमोडी कधीही तोडता येते. खाजकुयलीचे वेल मात्र शेंगा कोवळ्या आहेत तोवरच काढावेत. थंडीत शेंगा वाळल्या की त्यांवरची कूस वाऱ्याने उडते आणि तोडणाऱ्याची रात्रीची झोप जाते.

गमबूट, जाड हातमोजे, बॅटरी आणि लांब काठी सोबत असावी. बंद घराच्या पायऱ्यांच्या फटीत, रचून ठेवलेल्या चिऱ्यांत, नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली फुरसे, मण्यार किंवा घोणस असणे ही कोकणात नवलाची गोष्ट नाही. काठीने आवाज करून थांबावे, मगच हात घालावा. साप दिसला तर त्याला वाट द्यावी किंवा सर्पमित्राला बोलवावे. मारू नये, कारण ते बेकायदा आहे आणि मारायला गेले की दंशाचा धोका वाढतो. दंश झालाच तर बांधाबांध, चिरा देणे किंवा मंत्र यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दंश झालेला अवयव हलवू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवावे.

लहान मुले सोबत असतील तर गाडीतून सामान काढण्याआधी तलावाचे फाटक लावावे. फाटक नसेल तर बांबू आणि दोरी आडवी बांधावी. हिरव्या पाण्याचा तळ दिसत नाही, कडेला शेवाळ असते, आणि पडलेले मूल क्षणात दिसेनासे होते. झावळ्यांनी पूर्ण झाकलेला तलाव तर नवख्या मुलाला अंगणासारखाच दिसतो.

घरात शिरल्यावर

दार उघडल्यावर प्रथम खिडक्या उघडाव्यात आणि अर्धा तास बाहेर बसावे. गॅसचा सिलिंडर आत राहिला असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. कोणतेही बटण दाबण्यापूर्वी रेग्युलेटर आणि रबरी नळी पाहावी, नळी उंदराने कुरतडलेली असू शकते आणि पाच वर्षांहून जुनी नळी तशीही बदलायचीच असते. मुख्य स्विच बंदच ठेवावा. पावसाळ्यात भिंतीतून ओल उतरते, ती विजेच्या पाइपांत आणि बोर्डांत साचते. बोर्डात मुंग्यांची वारुळे आणि कुंभारमाशीची मातीची घरटी सापडतात. वायरमनला बोलावून प्रत्येक सर्किट वेगळे तपासून घ्यावे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला आहे ना, त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो खरोखर पडतो ना, हे स्वतः पाहावे. तलावाच्या पंपाला असा स्वतंत्र आरसीसीबी नसेल तर तो बसवल्याशिवाय पंप सुरू करू नये. या एका बाबतीत काटकसर मला मान्य नाही.

छपराकडे खालून पाहावे. दिवसा सगळी दारे-खिडक्या लावून माजघरात उभे राहिले की फुटलेले कौल उजेडाच्या ठिपक्याने स्वतःच सांगते; ते ठिपके खडूने खालच्या रिपेवर खुणावून ठेवावेत. वासे आणि आढे हातोडीच्या दांड्याने ठोकावेत. वाळवी लागलेले लाकूड पोकळ वाजते आणि चांगले लाकूड ठणठणीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले तेव्हा कौले उडालेल्या अनेकांनी घाईने पत्रे घातले. अशा छपरांवरच्या स्क्रूंचे रबरी वॉशर खाऱ्या हवेत आणि उन्हात कडक होऊन फुटतात, तेही तपासावेत. फुटकी कौले बदलणे एवढेच या फेरीचे काम. सगळे छप्पर परतून घेणे वैशाख-ज्येष्ठाच्या तोंडावर करावे, कारण मधल्या काळात वानर पुन्हा सगळे विस्कटून ठेवतात.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये; ती नाकात जाते आणि शेजारच्या भिंतीवर बसते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी, मग पातळ ब्लीचचे पाणी फिरवून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रंगाऱ्याला मात्र परत पाठवावे. भिंत वाळली की नाही हे कळण्याची सोपी युक्ती अशी की हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. आतल्या बाजूला दव आले असेल तर भिंत अजून ओली आहे. आमच्याकडे दक्षिणेकडची भिंत माघात कोरडी झाली, उत्तरेकडची शिमग्यानंतर.

पिण्याच्या पाण्यासाठी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालावी. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणले की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आणि दर हजार लिटरला २.५ ग्रॅम पावडर पुरते. तीन मीटर व्यासाच्या, चार मीटर पाणी असलेल्या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम लागते. पावडर बादलीत कालवून, निवळी वेगळी करून ती पोहऱ्याने पाण्याखाली सोडावी आणि किमान तासभर पाणी उपसू नये. पाणी गढूळ असेल किंवा आत काही मरून पडले असेल तर या मात्रेवर विसंबू नये, विहीर उपसून घ्यावी. शौचालयाच्या टाकीत आणि वर्षानुवर्षे झाकून असलेल्या जमिनीखालच्या टाकीत कोणालाही उतरवू नये. तिथला वायू माणसाला ओरडायलाही सवड देत नाही. मैला काढण्यासाठी यंत्राची गाडी बोलवावी.

घरपट्टी आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरची (घराच्या कर-आकारणीच्या नोंदवहीतली) नोंद ही कामे एका सकाळी उरकावीत.

तलाव: आधी विहिरीत डोकावावे

तलाव पाहिल्यावर पहिला विचार येतो तो सगळे पाणी सोडून देऊन तळ घासण्याचा. शेजारच्या एका बंगल्यात दिवाळीच्या सुट्टीत हेच केले. दोन दिवस डिझेल पंप लावून तलाव रिकामा केला, तिसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या फरशा मधोमध फुगून वर आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या भेगेतून स्वच्छ पाण्याची धार आत येत होती. कारागिराने दोष फरशीच्या चिकट्याला दिला. दोष खालच्या पाण्याचा होता.

रिकामा तलाव म्हणजे जमिनीत रुतवलेली होडी. भोवतालच्या जमिनीत पाणी तळाच्या वर एक मीटर उभे असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला ते एक टन जोराने वर रेटते. आमच्या तलावाच्या तळाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आहे, म्हणजे हा रेटा ३२ टनांचा. तळ आणि भिंती १५ सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर सगळ्या काँक्रीटचे वजन २५ टनांच्या आसपास भरते. तलाव भरलेला असताना आतले ४५ टन पाणी हा तोल सांभाळते. ते काढून घेतले की तळ फुगतो, भिंत तडकते किंवा सगळा तलावच एका बाजूने उचलला जातो. वाळूच्या जमिनीत हे लवकर होते, जांभ्यात थोडे उशिरा. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवायची पद्धत आहे, परंतु आपल्याकडच्या घरगुती तलावांत तो सहसा नसतो, आणि असला तरी तीन वर्षांच्या गाळाने बुजलेला असतो.

म्हणून निर्णय विहिरीला विचारून घ्यावा. दहा-बारा मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्यावी, गवंडी पातळी काढायला वापरतात तीच. ती पाण्याने भरून, आत बुडबुडा राहिलेला नाही हे पाहून, एक टोक तलावाच्या काठाशी आणि दुसरे विहिरीच्या कठड्याशी धरावे. दोन्ही टोकांत पाणी ज्या उंचीवर स्थिरावते ती एकच पातळी. तिथे दोन्हीकडे खूण करावी. विहीर लांब असेल तर मध्ये एक खुंटी ठोकून हेच दोन टप्प्यांत करावे. मग खुणेपासून विहिरीतल्या पाण्यापर्यंत वजन बांधलेली दोरी सोडून अंतर मोजावे आणि तलावाच्या खुणेपासून सर्वांत खोल तळापर्यंतचे अंतर काठीने मोजावे. विहिरीचे अंतर तलावाच्या अंतरापेक्षा कमी भरले तर विहिरीतले पाणी तलावाच्या तळापेक्षा उंच आहे, आणि तलाव रिकामा करता येणार नाही. आमच्याकडे कार्तिकात विहिरीचे पाणी खुणेखाली ०.९ मीटरवर होते आणि तलावाचा तळ १.८ मीटरवर. वैशाखात तेच पाणी ३.२ मीटरवर गेले. विहीर दूर असेल, किंवा चढ-उतारामुळे तिच्या पातळीवर भरवसा नसेल, तर तलावापासून दोन मीटरवर पहारीने तळाच्या खोलीपर्यंत खड्डा घेऊन त्यात रात्रभर पाणी चढते का ते पाहावे.

पाणी कमी करायचेच असेल तर भूजलाच्या पातळीखाली न जाता वरचे तेवढे काढावे आणि विहिरीच्या पाण्याने पुन्हा भरावे. तेही कोणतेही रसायन टाकण्यापूर्वी. आमचा गडी विचारत होता, “दादा, वाडीत सोडू का?” क्लोरीन न पडलेले हिरवे पाणी नारळीला आणि पोफळीला खुशाल द्यावे, झाडे ते आनंदाने पितात, एकदा क्लोरीन टाकले की ते पाणी वाडीत नको आणि व्हाळात (ओढ्यात) ही नको.

तलावातला कचरा आणि यंत्रे

रसायनाआधी जाळी. पाण्यावरची पाने, चुडते, नारळ आणि आतले बेडूक काढावेत. एक फळी तिरपी सोडून ठेवली तर रात्रीत बरेच जीव स्वतःच बाहेर पडतात. सापही असाच अडकून पोहत राहतो आणि सकाळी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या कडेच्या तोंडाच्या) टोपलीत सापडतो, म्हणून त्या टोपलीत हात घालण्याआधी झाकण काठीने सरकवावे. डासांच्या अळ्या वळवळताना दिसत असतील तर कामाला त्याच दिवशी सुरुवात करावी, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गाळात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते. पायाला जखम असताना त्यात उतरू नये, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे काम केल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोचे (उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या तापाचे) निदान या एका माहितीने लवकर होते.

तळाची पाने लांब दांड्याच्या खोल जाळीने हळूहळू उचलावीत. हे काम कंटाळवाणे आहे, दोन माणसांना पूर्ण दिवस लागतो, आणि ते टाळण्यासाठी आम्ही पंप सुरू केला होता. अर्ध्या तासात कुजलेली पाने आणि चिखल फिल्टरच्या वाळूत जाऊन बसला, दाबमापकाचा काटा टोकाला गेला आणि सुमारे दीडशे किलो वाळू उपसून नवी भरावी लागली. वाळू तशीही पाच-सहा वर्षांनी बदलायची असते, एवढेच समाधान.

पंपाची खोली बहुधा जमिनीखाली खड्ड्यात असते आणि पावसात भरते. मोटार पाण्यात बुडालेली असेल तर ती सुरू करून पाहू नये. काढून वाइंडिंगवाल्याकडे न्यावी, भट्टीत वाळवून तिचे इन्सुलेशन मेगरने (ते मोजण्याच्या यंत्राने) तपासून घ्यावे. बुडाली नसेल तरी वीज बंद असताना मागचे झाकण काढून पंखा हाताने फिरवावा. गंजलेला दांडा अडकला असेल आणि तसाच वीजप्रवाह दिला तर मोटार जळते. गाळणीच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरावे, झाकणाच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावावे; साधे ग्रीस रबर फुगवते. फिल्टरवरच्या, पाण्याचा मार्ग बदलणाऱ्या सहा तोंडांच्या व्हॉल्व्हचा दांडा पंप बंद असतानाच फिरवावा, चालू पंपावर फिरवला तर आतली गॅस्केट फाटते. पहिली दहा-पंधरा मिनिटे ‘वेस्ट’वर (पाणी फिल्टर न करता बाहेर) चालवावे, मग ‘बॅकवॉश’ (वाळू उलट्या प्रवाहाने धुणे), मग अर्धा मिनिट ‘रिन्स’ (वाळू खळबळून घेणे), आणि शेवटी ‘फिल्टर’. स्वच्छ वाळूवर दाबमापक काय दाखवतो ते खडूने टाकीवर लिहून ठेवावे. त्या आकड्यापेक्षा दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून अधिक वाढला की पुन्हा बॅकवॉश करावा.

तळाच्या निचऱ्यावरची जाळी फुटली किंवा निघाली असेल तर ती बसेपर्यंत तलावात कोणीही उतरू नये. पंपाची ओढ मुलाचा हात किंवा केस धरून ठेवते.

हिरव्याचे पांढरे, पांढऱ्याचे निळे

आकारमान काढल्याशिवाय औषध टाकू नये. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली यांचा गुणाकार केला की घनमीटर मिळतात: आमच्याकडे ८ गुणिले ४ गुणिले १.४, म्हणजे सुमारे ४५ घनमीटर, ४५ हजार लिटर. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा), क्लोरीन आणि क्षारता (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) मोजणारा थेंबांचा चाचणी-संच घ्यावा. बंद घरात राहिलेला जुना संच फेकून द्यावा, त्यातली द्रावणे निकामी झालेली असतात.

पहिले मोजमाप क्षारतेचे. जांभ्याच्या पट्ट्यातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यात पावसाची भर पडलेली असते. त्यामुळे क्षारता बऱ्याचदा फार खाली सापडते आणि पीएच एका जागी ठरत नाही. क्षारता ८० ते १२० पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम) असावी. ती १० पीपीएमने वाढवायला ४५ हजार लिटरला साधारण ७५० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. मग पीएच ७.२ च्या आसपास आणावा. ७.२ ला पाण्यातल्या क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शेवाळ मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच न पाहता ओतलेल्या क्लोरीनचा बराचसा पैसा पाण्यात जातो.

क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाकावे, कारण ऊन ते काही तासांत उडवून लावते. हिरव्या पाण्याला सुरुवातीला किमान १० पीपीएम लागते: आमच्या तलावाला ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ७०० ग्रॅम किंवा १० टक्क्यांचे द्रव सोडियम हायपोक्लोराइट साडेचार लिटर. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल पावडर ३३ टक्क्यांच्या आसपासची असते. ती चालते, परंतु चुना मागे सोडते आणि दमट हवेत तिची ताकद झपाट्याने उतरते. पावडर प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात घालावी, पावडरीवर पाणी कधीही ओतू नये. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू निघतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर एका डब्यात किंवा एका मापात मिसळल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो; मापासाठी दोन वेगळे कप ठेवावेत आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहावे. तीन वर्षे बंद राहिलेला जुना डबा उघडायचाच असेल तर बाहेर, वारा पाठीशी घेऊन उघडावा.

रात्रभर पंप चालू ठेवावा, सकाळी भिंती ब्रशने घासाव्यात, संध्याकाळी पुन्हा मोजून क्लोरीन १० पर्यंत आणावे. आमच्याकडे हे पाच रात्री चालले. दुसऱ्या सकाळी पाणी शेवाळी हिरव्याचे राखाडी झाले, चौथ्या दिवशी पातळ ताकासारखे. मेलेले शेवाळ पांढरे दिसते, त्यामुळे याला बिघाड समजू नये. शेवाळ संपले की नाही याची खात्रीची खूण अशी की संध्याकाळी मोजलेले क्लोरीन आणि उजाडण्यापूर्वी मोजलेले क्लोरीन यांत एक पीपीएमपेक्षा कमी फरक असावा. ऊन नसताना क्लोरीन खाणारे दुसरे काही उरलेले नसते.

क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी चहासारखे तांबूस झाले तर घाबरू नये. विहिरीच्या पाण्यातले लोह क्लोरीनने गंजून वेगळे झालेले असते आणि ते फिल्टरमध्ये अडकते. लोह निदान फिल्टरमध्ये अडकते, तांबे तसे जात नाही; म्हणून मी मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकण्याच्या विरोधात आहे. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या प्रत्येक घरात मोरचूद असते, आणि ‘थोडे टाका, शेवाळ जाते’ हा सल्ला हमखास मिळतो. शेवाळ जातेही, परंतु तांब्याचा अंश पाण्यात राहतो, प्लास्टरवर निळसर-काळे डाग धरतात आणि मात्रा जास्त झाली तर पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते. आमच्या घरातल्या ज्येष्ठांनी हा अनुभव घेतला आहे.

ताकासारखे पाणी निवळायला तुरटी लागते. दर हजार लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे आमच्याकडे सव्वादोन किलो तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडावी, पंप तासभर ‘रीसर्क्युलेट’वर (पाणी फिल्टर न करता फिरते ठेवून) चालवून बंद करावा आणि रात्रभर पाण्याला हात लावू नये. सकाळी तळावर मऊ दुलईसारखा थर बसलेला असतो. तो व्हॅक्यूमने, ‘वेस्ट’वर ठेवून, अगदी सावकाश ओढावा, घाई केली की थर उठतो आणि आदल्या रात्रीची मेहनत पुन्हा पाण्यात मिसळते. ओढलेल्या पाण्यासाठी वाडीच्या कडेला खड्डा करून ठेवावा. तुरटीने क्षारता उतरते, म्हणून नंतर ती पुन्हा मोजावी.

खोल टोकाच्या निचऱ्याची जाळी वरून स्पष्ट दिसू लागली, क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर उतरले आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहिला की पोहायला हरकत नाही. पुढे रोज सहा ते आठ तास पंप चालावा.

शिमग्यानंतरची फेरी

विहिरीत दोरी सोडून पाणी तळाच्या खाली गेल्याची खात्री झाली की गळती पाहावी. दिवाळीत ती कळत नाही, कारण बाहेरचे पाणी आतल्या पाण्याला थोपवून धरते, कधी उलट आत येते. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, आत आणि बाहेर एकाच पातळीवर खूण करावी आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहावे. दोन्ही सारखे उतरले तर ते बाष्पीभवन. तलाव जास्त उतरला तर गळती. पंप चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण नुसत्या चालू पंपावरच पाणी उतरत असेल तर दोष पाइपात आहे, तलाव फोडण्याची गरज नाही.

तलाव रिकामा करायचा तो या दिवसांत, आणि रिकामा ठेवायचा तो कमीत कमी. फरशा आणि रसायने आधीच आणून ठेवावीत, मगच पंप लावावा. पोकळ वाजणाऱ्या फरशा काढाव्यात. काँक्रीट फुगून आतली सळई गंजलेली दिसली तर वरून सिमेंट चोपडून भागत नाही, सळईमागचे काँक्रीटही काढून, गंज घासून, गंजरोधक लावून मग भरावे. शिडी आणि कठड्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ वर खाऱ्या हवेत एकाच पावसाळ्यात तपकिरी ठिपके येतात. तलावावर वाकलेल्या माडाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ पाडेल्याकडून उतरवून घ्यावेत, आणि मेच्या अखेरीस तलाव पुन्हा काठोकाठ भरलेला असावा.

वर्षभर क्लोरीन टाकायला माणूस मिळणार नसेल तर प्रामाणिकपणे तलाव बंद करावा, म्हणजे पाणी ठेवावे, क्लोरीन थांबवावे, ते उडून जायला आठवडाभर द्यावा आणि आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडावेत. मासे डासांच्या अळ्या खातात आणि तलाव भरलेला राहतो. वर जाळी ताणून बांधावी, आणि ओव्हरफ्लोचे तोंड उघडे असावे, नाहीतर आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात मासे अंगणात येतात.

आमच्या विहिरीच्या कठड्याला आता सुंभाची एक दोरी बांधलेली आहे. तलावाच्या तळाच्या पातळीवर तिला एक गाठ आणि लाल चिंधी आहे. गडी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती सोडतो आणि फोनवर एवढेच सांगतो, “दादा, चिंधी बुडाली,” किंवा “दादा, चिंधी सुकी आहे.”